पंगतीत बसलेला लाजरस

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी मी आईच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. उपवासकाळाचे चाळीस दिवस, रोज दहा मिनिटं, बायबलमधला एक उतारा, एक प्रश्न, आणि शेवटी दोन मिनिटं डोळे मिटून शांत बसायचं. खास धावपळीत असलेल्या ख्रिस्ती स्त्रियांसाठी, असं त्यावर लिहिलेलं होतं. आई शिक्षिका आहे. वसईहून बोरिवलीला लोकलनं जाते-येते. घरी आल्यावर ती काय काय करते याची यादी मी कधी केली नव्हती. ती धावपळीत असते आणि ती ख्रिस्ती आहे, एवढी माहिती मला पुरेशी वाटली.

अकराव्या दिवशी तिची साखळी तुटली. अशा ॲपांत रोज न चुकता हजेरी लावली की आकडा वाढत जातो आणि एक दिवस चुकला की तो शून्यावर येतो. पुण्यातल्या ज्या कंपनीत मी काम करतो तिथं दोन वर्षं मी हेच केलंय. माणसानं ॲप उघडलं नाही तर त्याला किती तासांनी, कोणत्या शब्दांत टोकायचं, हे ठरवायचं आणि त्याचा कोड लिहायचा. त्यामुळं आईच्या फोनवर आलेला ‘तुमची वाट पाहतोय’ हा प्रेमळ निरोप कुठून येतो, हे मला नीट माहीत होतं. तो निरोप मला दाखवून आई हसली आणि म्हणाली, “यातही मी मागंच पडले बघ.”

त्या वाक्यातला ‘ही’ डोक्यातून जाईना, म्हणून मी ॲपमधले चाळीसच्या चाळीस दिवस बसून वाचले. मग त्याच जातीची आणखी काही पुस्तकं वाचली. कामात बुडालेल्या ख्रिस्ती बाईला ईस्टरच्या दिवसांत मनाची स्थिरता कशी मिळेल, हे सांगणारं लेखन इंग्रजीत भरपूर आहे, आणि मी वाचलेल्यातला साचा बहुतेक सारखाच निघाला. घरातले उठायच्या आधी अर्धा तास उठा. एक कोपरा ठरवा. मेणबत्ती लावा. फोन लांब ठेवा (हे फोनवरच सांगितलेलं असतं). मनात येईल ते वहीत लिहा. सल्ला वाईट नाही. पण सलग वाचत गेलं की एक गोष्ट टोचायला लागते. हा सगळा वेळ बाईच्या झोपेतून काढलेला असतो. घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही दिवसातलं एक मिनिट इकडचं तिकडं होत नाही. आई साडेचारला उठते. तिनं चारला उठावं, एवढाच या साऱ्याचा हिशोब.

या लेखनाचा पाया म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायाच्या शेवटची पाच वचनं. येशू एका गावात येतो. मार्था नावाची बाई त्याला आपल्या घरी घेते. तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहते. मार्थेच्या मागं कामाचा रगाडा. शेवटी ती येऊन येशूलाच म्हणते की बहिणीनं सगळं माझ्यावर टाकलंय, तिला जरा सांगा. येशू तिला दोनदा नावानं हाक मारतो, तिच्या मागं किती काळज्या लागल्यात ते बोलून दाखवतो, गरज एकाच गोष्टीची आहे म्हणतो, आणि मरियेनं निवडलेला वाटा तिच्यापासून कोणी काढून घेणार नाही, असं सांगतो. गोष्ट इथंच थांबते. त्या रात्री जेवण झालं का, झालं तर कोणी रांधलं, लूक सांगत नाही.

मूळ ग्रीकमध्ये मार्थेच्या अवस्थेसाठी जे क्रियापद आहे, त्याचा शब्दशः अर्थ चहूबाजूंनी ओढलं जाणं असा होतो. मराठीला यासाठी काही शोधावं लागत नाही. ओढाताण हा शब्द आपल्याकडं तयार आहे, आणि तो बहुधा बाईच्याच तोंडी असतो. तिच्या कामासाठी लूक जो शब्द वापरतो तो ‘दियाकोनिया’, म्हणजे सेवा. चर्चमधलं ‘डीकन’ हे पद याच कुळातल्या शब्दावरून आलं. म्हणजे मार्था जे करतेय त्याला लूक नुसती घरकामाची खटपट म्हणत नाही, ज्या शब्दाला पुढं धर्मसभेत मान मिळाला तोच शब्द देतो. एलिझाबेथ शूस्लर फिओरेंझा या स्त्रीवादी बायबल-अभ्यासक नेमक्या याच जागी बोट ठेवतात. ही कथा दोन बायकांना एकमेकींसमोर उभं करते, गप्प बसून ऐकणारीची स्तुती करते आणि सेवा करणारी, बोलणारी बाई गप्प केली जाते, असं त्यांचं वाचन आहे. ते मला सगळंच्या सगळं पटत नाही, कारण पायाशी बसणं हा त्या काळी शिष्याचा मान होता आणि तो एका बाईला मिळतो ही गोष्ट लहान नाही. पण एकदा हे वाचन डोक्यात शिरलं की दहा मिनिटांचं ॲप पूर्वीसारखं वाचता येत नाही.

या प्रकारातलं खूप खपलेलं पुस्तक म्हणजे जोआना वीव्हर यांचं 2000 साली आलेलं ‘हॅविंग अ मेरी हार्ट इन अ मार्था वर्ल्ड’. ते मी चेष्टा करायच्या तयारीनं उघडलं होतं, तशी करता आली नाही. लेखिका स्वतःला मार्थेच्या बाजूला बसवून प्रांजळपणे लिहिते, काम वाईट आहे असं कुठंही म्हणत नाही, आणि लूकच्या पाच वचनांवर न थांबता योहानाच्या शुभवर्तमानात या बहिणी पुन्हा भेटतात तिथपर्यंत जाते. माझी अडचण शीर्षकापासूनच सुरू होते. हृदय मरियेचं हवं, जग मार्थेचं. जग आहे तसंच राहणार हे धरून चाललेलं आहे. बदलायचं ते बाईनं, आणि तेही स्वतःच्या आत.

जुनी माणसं याहून धीट होती. तेराव्या-चौदाव्या शतकातला जर्मन गूढवादी माइस्टर एकहार्ट एका प्रवचनात सगळी कथाच उलटी करतो. त्याच्या मते मरिया अजून शिकाऊ आहे, बसल्या जागेच्या गोडीत रमलेली. मार्था पुढं गेलेली आहे, कामात असूनही तिचं मन जागचं हलत नाही. आणि आविलाची तेरेसा, जिनं स्वतः मठ चालवले, पैशांची तोंडमिळवणी केली, सोळाव्या शतकातल्या स्पेनच्या रस्त्यांवरून प्रवास केले, ती 1577 साली लिहिलेल्या ‘अंतरीचा किल्ला’ या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात शेवटी म्हणते की मार्था आणि मरिया दोघींनी बरोबर असायला हवं. तिचा मुद्दा अगदी घरगुती आहे. बहिणीनं मदत केली नसती तर नुसती पायाशी बसून राहणारी मरिया पाहुण्याला खाऊ काय घालणार होती?

तेरेसाच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी, 1618 मध्ये, त्याच स्पेनमधल्या सेव्हिल शहरात विशीही न ओलांडलेल्या वेलाझ्केझनं या कथेवर एक चित्र काढलं. ते आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मी ते संगणकाच्या पडद्यावरच पाहिलंय, पण ऑफिसातल्या कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा जास्त वेळ पाहिलंय. नाव ‘मार्था आणि मरियेच्या घरी ख्रिस्त’, पण ख्रिस्त शोधावा लागतो. समोर आहे स्वयंपाकघर. एक तरुण मोलकरीण पितळी खलात काहीतरी कुटतेय. टेबलावर चार मासे, दोन अंडी, लसूण, सुकी लाल मिरची. मागं एक म्हातारी तिला बोटानं काहीतरी दाखवतेय. उजवीकडं वरच्या कोपऱ्यात एका चौकटीत ख्रिस्त बसलेला, पायाशी एक बाई, मागं दुसरी उभी. ती चौकट म्हणजे भिंतीतली खिडकी, आरसा, की टांगलेलं चित्र, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मुलीचा चेहरा लालसर आहे, डोळे भरून आल्यासारखे. म्हातारी तिला काय सांगतेय? बघ, तीही तक्रार करत होती, तू करू नकोस? की, तुझं इथलं कामही कमी नाही? चित्र ठरवू देत नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट दिसते. मागच्या चौकटीत मार्था आणि मरिया यांच्यातला निवाडा चाललाय, आणि पुढं तिसरीच बाई लसूण कुटतेय. मरियेनं चांगला वाटा निवडला, मार्थेनंही उद्या निवडला, तरी खल कोणाच्या तरी हातात राहणारच. वसईतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे टेबल उचलून ठेवलं तर मासे, लसूण आणि मिरची यांना कोणी परकं म्हणणार नाही. मुलीच्या तोंडावरचा भावही ओळखीचाच वाटेल.

हे सगळं बायकांचं झालं. आता घरातल्या पुरुषाकडं येतो.

लूकच्या कथेत भाऊ नाही. योहानाच्या शुभवर्तमानात आहे, त्याचं नाव लाजरस. अकराव्या अध्यायात तो मरतो आणि चार दिवसांनी येशू त्याला कबरीतून बाहेर बोलावतो. त्याआधी येशू येतोय हे कळल्यावर रस्त्यात जाऊन त्याला गाठते ती मार्था, मरिया घरात बसून राहते. आणि येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र, हा विश्वास तिथं बोलून दाखवणारीही मार्थाच. मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच कबुली पेत्र देतो आणि त्यावर केवढी मोठी परंपरा उभी राहिली. मार्थेची कबुली मात्र भांडी घासणाऱ्या बाईच्या प्रतिमेमागं झाकली गेली.

मग बारावा अध्याय. वल्हांडणाच्या सहा दिवस आधी, म्हणजे ज्याला आपण पवित्र सप्ताह म्हणतो त्याच्या उंबरठ्यावर, बेथानीत येशूसाठी जेवण असतं. मरिया महागडं सुगंधी तेल त्याच्या पायांना लावते. मार्था वाढतेय. या वेळी तिची तक्रार नाही आणि तिला कोणी समजही देत नाही. मी वाचलेल्या चिंतनांत इथं मार्थेचं मन बदलल्याबद्दल तिचं कौतुक केलेलं असतं. कोणाचंच लक्ष जात नाही ते त्याच वचनातल्या पुढच्या माहितीकडं. लाजरस पंगतीत बसलेला होता.

एका बहिणीनं वाढलं, दुसरीनं पाय पुसले. दोघींची तुलना दोन हजार वर्षं चाललीय. भावानं काय केलं हे कोणी विचारलेलं माझ्या तरी वाचनात नाही. लाजरसच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की चार दिवस कबरीत काढून आलेला माणूस आहे, बसू दे त्याला. माझ्याकडं तसलं काही कारण नव्हतं. सुट्टीत पुण्याहून आलो की मी पंगतीत बसतो. आणि आईनं शांत कसं व्हावं, याचं ॲप तिला टाकून देतो.

इथून पुढची ईस्टरची गोष्ट मी या नजरेनं पुन्हा वाचली आणि ती मला नवीच वाटली. तेराव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी, येशू पंगतीतून उठतो, कमरेला टॉवेल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला ते सहन होत नाही, कारण हे काम कोणी करायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं आहे. आमच्याकडं पवित्र गुरुवारी मिस्सामध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली नियम बदलला तेव्हापासून त्यांत बायकाही असू शकतात. ज्यांचे पाय दिवसभर ओट्यापाशी उभे असतात त्यांचे पाय वर्षातून एकदा तरी कोणी हातात घ्यावेत, हे नियमात यायला इतकी वर्षं लागली.

शुक्रवारी क्रूस. शनिवारी काहीच नाही. लूक सांगतो की बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ असल्यामुळं त्या थांबल्या. रविवारी पहाटे त्या कबरीकडं निघाल्या त्या चिंतनाला नव्हे, राहिलेलं काम पुरं करायला. मार्कच्या शुभवर्तमानात त्या वाटेत एकमेकींना विचारतात की तोंडावरचा तो धोंड बाजूला कोण करून देणार. सगळ्या ख्रिस्ती श्रद्धेचा कणा असलेल्या घटनेकडं चाललेल्या बायकांचं हे बोलणं बघा. हे जड काम आहे, आपल्याच्यानं होणार नाही, मदतीला कोण आहे? आई शनिवारी रात्री गॅसचा सिलिंडर बदलताना असंच बोलते. त्या पोहोचतात तेव्हा धोंड बाजूला झालेला असतो. पुनरुत्थानाची पहिली खूण म्हणजे बायकांच्या वाट्याचं एक अवघड काम आधीच झालेलं आहे.

आणि योहानाचा शेवटचा अध्याय. शिष्य रात्रभर जाळी टाकतात आणि त्या रात्री हाती काहीच लागत नाही. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासे, शेजारी भाकरी. मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त त्यांना न्याहारीला बोलावतो. जगाचा प्रभू चुलीपाशी बसलेला आहे, आणि दमलेल्यांना फक्त येऊन खायचं आहे.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. ईस्टरच्या या गोष्टींत माणसांना जी विसावण्याची जागा मिळते, ती दुसऱ्या कोणीतरी काम आपल्या अंगावर घेतल्यामुळं मिळते. स्थिरतेचा उपदेश तिथं जवळजवळ नाही. धावपळीतल्या बायकांसाठीचं चिंतनपर लेखन मार्थेला सांगतं की तू बस. तू बसलीस तर उठेल कोण, हा पुढचा प्रश्न ते विचारत नाही. त्यामुळं त्याचं अध्यात्म शेवटी वेळेच्या नियोजनासारखं होतं आणि शांतता ही बाईच्या यादीतली आणखी एक ओळ. त्या ओळीपुढं टिकमार्क झाला नाही की आई म्हणते, यातही मी मागंच पडले.

यावर आक्षेप घेता येईल, आणि तो मी स्वतःच घेतला. भांडी कोणी घासायची याची वाटणी झाली की आत्म्याला शांती मिळते का? उत्तर मला त्याच पवित्र गुरुवारी मिळालं, आणि ते माझ्या सिद्धांताला फारसं सोयीचं नव्हतं.

गुरुवारी मिस्सानंतर मध्यरात्रीपर्यंत आराधना असते. वेदी उघडी केलेली, दिवे कमी, लोक येऊन गप्प बसतात. आई दरवर्षी मिस्सा संपली की घरी पळते, कारण जेवण. गेल्या वर्षी पप्पांनी आणि मी तिला सांगितलं की तू थांब, आम्ही बघतो. आम्ही पिठलं-भात केला. लूकच्या त्या वचनाचा काही जुन्या हस्तलिखितांत थोडा निराळा पाठ आहे, थोड्याच गोष्टी लागतात किंवा एकच, अशा अर्थाचा. काही भाष्यकारांनी त्याचा साधा अर्थ घेतलाय की एक पदार्थ पुरे. आमचा एक पदार्थ तळाला लागला होता, तरी पुरला.

आई साडेबाराला आली. पहिला प्रश्न, “भांडी घासली का?” घासली होती. मग ती पाणी पिऊन खुर्चीत बसली. मी विचारलं, कसं वाटलं? वाटलं होतं की शांत वाटलं म्हणेल. ती म्हणाली, “प्रार्थना काही झाली नाही. आईच आठवत राहिली.”

आजी त्याआधीच्या डिसेंबरात गेली. शेवटची दीड वर्षं ती आमच्याकडंच होती, आणि तिचं सगळं आईनं केलं. दफन झालं, पाहुणे गेले, शाळा सुरू झाली. त्यानंतर आई एकदाही नुसती बसली नव्हती, हे मला त्या रात्री कळलं. हात रिकामे झाले तेव्हा शांतीच्या आधी दुःख येऊन बसलं. ॲपमधल्या दोन मिनिटांच्या शांततेत याची सोय नव्हती. तिथं डोळे मिटले की मंद संगीत सुरू व्हायचं.

बायबलमध्ये मात्र याला एक अख्खा दिवस दिलेला आहे. तो पवित्र शनिवार. बायका शब्बाथ म्हणून थांबल्या, तेव्हा त्यांच्यासमोर बंद कबर होती आणि तयार करून ठेवलेली द्रव्यं. उद्या काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं. ती स्थिरता आरामाची नव्हती. पण ती त्यांची होती, आणि त्या दिवशी त्यांच्याकडून कोणी काही मागत नव्हतं. आईला चाळीस दिवसांत मिळाला तो तेवढा दीड तास. तो ॲपनं दिला नाही आणि खरं तर आम्हीही दिला नाही. आम्ही फक्त मधून बाजूला झालो.

उपवासकाळ चाळीस दिवसांचा, पण ईस्टरचा काळ त्याहून मोठा, पेंटेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा. मी पाहिलेली सगळी ॲपं आणि पुस्तकं ईस्टरच्या रविवारी संपतात. त्या रविवारी आमच्या घरी अकरा पाहुणे होते आणि आई पुन्हा पहाटेपासून ओट्यापाशी होती. दुपारी तिच्या फोनवर अभिनंदनाचा निरोप आला, चाळीस दिवसांचा प्रवास पूर्ण झाल्याचा. तो तिच्या हजेरीकडं न बघता सगळ्यांना जात असणार. मी ॲप काढून टाकलं. तसं काम मी रोज करतो म्हणून सांगतो, त्या ॲपच्या कोडमध्ये चूक नव्हती. निरोप रोज वेळेवर जात होते. फक्त ते आईच्या फोनवर जात होते.

यंदा मी माझ्या फोनवर गुरुवार संध्याकाळचा गजर लावलाय. पेंटेकॉस्टपर्यंत दर गुरुवारी वसई, सातच्या आत. पिठल्याव्यतिरिक्त मला अजून काही येत नाही.